आबासाहेबांचं सुतक

कुमुदिनीला पापड लाटता येत नाहीत, ही बातमी लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात बुवापाड्याच्या त्या बैठ्या चाळीत सगळ्यांना कळली. कुणाला सांगावी लागली नाही. तिचा पहिला पापड जुन्या साडीवर वाळत पडला होता आणि येणारा-जाणारा जो तो त्याच्यापाशी घटकाभर थांबत होता. एका बाजूने तो पुरीएवढा जाड होता, दुसऱ्या बाजूने खालच्या साडीवरची फुलं दिसत होती, आणि बरोबर मध्यभागी रुपयाएवढं भोक होतं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तो उचलला, उजेडाकडे धरला आणि त्या भोकातून सुनेकडे पाहिलं.

"बदलापूरच्या शाळेत वाचायला शिकवलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग लाटणं ठेव खाली आणि काहीतरी वाचून दाखव. आमचे हात चालतील, तुझं तोंड चालू दे."

कुमुदिनीने मान खाली घातली. लाटायला जमलेल्या बायकांना वाटलं, पोर लाजली. पोर लाजलीबिजली नव्हती, ती हसू लपवत होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ते असं.

कारण या घरात दिवसाढवळ्या वाचायची सोय नव्हती. माहेरी बदलापूरला ती वाचनालयातली पुस्तकं आठवड्याला तीन संपवायची, आणि तीही रहस्यकथा. इकडे अंबरनाथला आल्यावर माईंनी आठव्या दिवशीच सांगून टाकलं होतं की दिवसा पुस्तक आणि दिवेलागणीला झोप, ही दोन्ही लक्षणं अवदसेची. नवरा गुरुदत्त आनंदनगरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर होता. स्वभावाने गरीब. वाचनालयाचं कार्ड त्याने स्वतःच्या नावावर काढलं आणि येताना एखादं पुस्तक डब्याच्या पिशवीतून आणायचा. पण ते वाचायचं कधी, तर भात शिजेपर्यंत. भात फार लवकर शिजतो.

आणि तिला रहस्यकथाच का आवडायच्या, तेही सांगून टाकतो. चाळीत रोज काही ना काही घडायचं आणि कुणी केलं ते कधी म्हणून कळायचं नाही. नळावरची बादली कुणी सरकवली, दोरीवरचा टॉवेल कुणी नेला, माईंच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण कुठे गेलं, सगळं अधांतरी. पुस्तकात तसं नसतं. तिथे कितीही गोंधळ होवो, शेवटच्या दहा पानांत सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात आणि बोट दाखवून सांगतात की हा. तिला त्या 'हा'चं सुख वाटायचं. पोट भरल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी तिने पोथी वाचली. दुसऱ्या अध्यायाला राजाबाई लाटणं हातात धरून घोरायला लागली. राजाबाई म्हणजे शेजारच्या हिंदुरावांची बायको, मूळची साताऱ्याकडची. हिंदुराव आनंदनगरातच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. कोपऱ्यातल्या खोलीतली उमा, उल्हासनगरच्या कॉलेजात जाणारी, ती म्हणाली, "वहिनी, कुछ थ्रिलवालं वाचा ना. नाहीतर मीपण झोपेन." आणि पुतळाबाई, जी सकाळी पलीकडच्या गावातून भाजी घेऊन यायची आणि ऊन उतरेपर्यंत माईंच्या अंगणात टेकायची, ती म्हणाली, "मना काय पन चालंल गो, फकस्त जोरान वाच."

माईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तच्या पिशवीतून जे निघालं त्याचं नाव होतं 'अंजीरबागेतील प्रेत'. मुखपृष्ठावर सुरा, रक्त आणि किंचाळणारी बाई. कुमुदिनीने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान काढून त्याला झकास कव्हर घातलं. वर बाळकृष्ण आला.

आता माईंचा एक नियम इथे सांगायला हवा, नाहीतर पुढचं रामायण कळणार नाही. पापड वाळून डब्यात जाईपर्यंत माईंच्या अंगणात मरणाचा उच्चार चालत नसे. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी पापडाच्या पिठाच्या उंड्यावर मुसळ पडत असतानाच कुणाचे तरी काका गेल्याची बातमी आणली होती, आणि त्या वर्षीचे पापड तळल्यावर तांबडेलाल झाले. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या ज्या सिंधी दुकानातून पापडखार आणला होता तो दुकानदार म्हणाला की खार जुना होता, बदलून देतो. माईंनी ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही. तेव्हापासून सासरे विष्णुपंत सकाळच्या पेपरातल्या निधनवार्ता पोटात ठेवायचे आणि दिवेलागणीनंतर एकदम सांगायचे. पाळीपाळीने चाळीतल्या चारही घरांचे पापड लाटले जायचे, माईंचे सगळ्यांत शेवटी, पण वाळवण मात्र सगळ्यांचं माईंच्याच अंगणात, कारण ऊन तिथेच. म्हणजे वीसेक दिवस चाळीत कुणाला मरायची परवानगी नव्हती.

आणि अंजीरबागेत आबासाहेब राहत होते.

आबासाहेब म्हणजे पुस्तकातले श्रीमंत म्हातारे. भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालणारे, डॉक्टरने गोड बंद केलंय म्हणून उशीखाली गूळ लपवणारे, माळ्याला हाक मारून स्वतःच्या पानातलं लोणचं देणारे. तीन दिवसांत बायका त्यांच्यावर भाळल्या. माईंना ते त्यांच्या मोठ्या भावासारखे वाटले. राजाबाईने तर गूळ कुठल्या गावचा ते विचारून घेतलं. कुमुदिनी रंगात येऊन वाचत होती, आणि तिसऱ्या दिवशी, एकतिसाव्या पानाच्या तळाशी, भरल्या गाड्यासारखी थेट खड्ड्यात गेली.

"'पुतण्याने दार ढकललं. आबासाहेब आरामखुर्चीत होते. मान एका बाजूला कलली होती. टोपी खाली पडली होती. आबासाहेब गतप्राण झाले होते.'"

चार लाटणी एकदम थांबली.

"म्हंजे?" राजाबाईने विचारलं.

"मेला तो," पुतळाबाई म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.

माईंनी अंगणाकडे पाहिलं. राजाबाईचे तीनशे पापड साडीवर पसरले होते, अर्धे ओले.

"मग आता अंगुळ करायची का काय?" राजाबाई घाबरून म्हणाली.

"पुस्तकातला माणूस आहे तो," उमा म्हणाली. "त्याचं कसलं सुतक?"

"परका असता तर नव्हतंच," माई गंभीरपणे म्हणाल्या. "पण तीन दिवस आपण त्यांच्या घरात बसतोय. त्यांचा गूळ कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. बंद कर ते पुस्तक, कुमुदिनी. उद्यापासून पोथी."

कुमुदिनीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन ते चार हे दोन तास, ज्यांत ती कुणाची सून नव्हती, नळावरच्या रांगेतला नंबर नव्हती, ते दोन तास तिच्या डोळ्यांदेखत चालले होते. एका फालतू सुऱ्यापायी. तिने काही ठरवलं नाही. हात आपोआप गेला, पान उलटलं, आणि पुढच्या पानाच्या वर जे वाक्य नव्हतंच ते तिने खणखणीत आवाजात वाचलं.

"'असं सगळ्यांना वाटलं.'"

"काय वाटलं?"

"गतप्राण झाले असं वाटलं. इथे पुढे आहे ना. 'पण स्वयंपाकीण बायजाने नाकाशी सूत धरलं. सूत हललं. आबासाहेब बेशुद्ध होते.'"

अंगणभर एक सुस्कारा फिरला. माईंनी छातीवरचा हात काढला. लाटणी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात, आणि कुमुदिनीला घाम फुटला, कारण एक थाप पचवायला दहा लागतात हे तिला तेव्हाच कळलं होतं.

पुस्तकात सुरा छातीत होता. तिने तो काढून घेतला आणि आबासाहेबांच्या डोक्यात मागून वरवंटा घातला. वरवंट्यावर बायका खूश. कुणाच्या स्वयंपाकघरातला, मसाल्याचा की पुरणाचा, यावर अर्धा दिवस गेला. पुस्तकात इन्स्पेक्टर चित्रे पिस्तूल घेऊन येतो आणि सिगार ओढतो. माईंनी विचारलं की त्या बायजाला का नाही विचारत, घरात काय शिजतंय ते तिलाच ठाऊक. मूळ पुस्तकात बायजाला उणंपुरं एकच वाक्य होतं, "साहेब, चहा ठेवू का?" कुमुदिनीने इन्स्पेक्टरला ओसरीवर चहा पीत बसवला आणि तपास बायजाकडे दिला. बायजाने काय तपास केला म्हणता. ती उष्ट्या ताटांवरून माणसं ओळखायची. पुतण्याने भात टाकला म्हणजे त्याला चिंता आहे, डॉक्टरने दोनदा कढी मागितली म्हणजे त्याला नाही.

"चिंता न्हाई तोच चोर," राजाबाई म्हणाली.

"नही नही, पुतण्या," उमा म्हणाली. "एकदम कन्फर्म."

"डॉक्टर पाय न धुता घरात येतो," माई म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून बघतेय."

कुमुदिनीला असं वाचन आयुष्यात मिळालं नव्हतं. माहेरी ती एकटीच वाचायची आणि एकटीच दचकायची. इथे चार जणी दचकायच्या, ती वेगळीच. सकाळी नळावर, दळणाच्या रांगेत, तांदूळ निवडताना तिच्या डोक्यात अंजीरबाग फिरत असायची. भात दोनदा लागला. माई रागावल्या नाहीत. उलट स्वतःच चुलीपाशी येऊन हळूच विचारून गेल्या की आज आबासाहेब डोळे उघडतील का.

ती खरी अडचण होती. आबासाहेबांनी डोळे उघडले की त्यांना विचारणार, मारलं कुणी, आणि गोष्ट संपणार. म्हणून ते बेशुद्धच राहिले. बेशुद्धीच्या पाचव्या दिवशी पुतळाबाई लाटणं आपटून म्हणाली, "अगो, चार दिस झाले, त्याचे पोटान काय गेला का नाय? पेज तरी पाजा त्याला." बरोबरच होतं. तेव्हापासून बायजा रोज दुपारी आबासाहेबांना चमच्याने पेज पाजू लागली, आणि पेज पाजल्याशिवाय त्या दिवशीचं वाचन पुरं होईना. एकदा कुमुदिनी विसरली तर चार वाजता उठलेल्या बायका पुन्हा खाली बसल्या.

पंधराव्या दिवशी वाचनालयाची मुदत संपली. पुस्तकासाठी दुसरा सभासद नंबर लावून बसला होता, त्यामुळे मुदत वाढवून मिळेना. माईंचे पापड तर त्याच दिवशी सुरू व्हायचे होते. कुमुदिनीने सकाळी बाळकृष्णाचं कव्हर काढून 'अंजीरबागेतील प्रेत' गुरुदत्तच्या पिशवीत घातलं आणि फळीवर तेवढ्याच जाडीचं काय आहे ते पाहिलं. गुरुदत्तचं आयटीआयमधलं लेथ मशीनचं पुस्तक होतं. त्याला बाळकृष्ण अगदी मापात बसला.

दुपारी तिने ते उघडलं. समोर मशीनच्या चकचं, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याचं, चित्र, खाली आकडे. ती न अडखळता वाचू लागली, "'बायजाने वरवंटा उजेडात धरला,'" आणि मधूनमधून इमानाने पान उलटत राहिली. खरं सांगायचं तर तिला आता बरंच मोकळं वाटत होतं. मेलेल्या माणसाच्या पुस्तकावर जिवंत माणूस वाचणं फार त्रासाचं असतं. लेथ मशीन मधे मधे करत नाही.

पण नंबर लावून बसलेला तो दुसरा सभासद कोण होता, तर रोज बायकोकडून अंजीरबाग ऐकणारे हिंदुराव.

दुसऱ्या दिवशी राजाबाई उशिरा आली. पोळपाट-लाटणं आणलं नव्हतं. तोंड उतरलेलं. अंगणात माईंचे वर्षभराचे पापड पसरले होते, पहिल्या घाण्याचे साडेचारशे, कडा नुकत्या वळायला लागलेल्या.

"माई," ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी ड्युटीवर पुस्तक वाचलं. त्येच अंजीरबागेचं. आबासाहेब एकतीस पानावरच गेले. सुरा लागला. बायजा तर नुसती च्या इचारती." आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पंधरा दिस झाले जाऊन. आपुन पेज कुनाला पाजतोय?"

 उमाने एकदा राजाबाईकडे आणि एकदा कुमुदिनीकडे पाहिलं. पुतळाबाईचा हात लाटीवर तसाच राहिला. कुमुदिनीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. बिंग फुटल्याचं तिला तेवढं वाईट वाटलं नाही. नवी सून पंधरा दिवस सासूला थापा मारत होती आणि सासू त्या थापेला रोज पेज पाजत होती, याचं वाटलं. आणि आता हे दोन तास गेले, कायमचे गेले, हेही.

"आण ते इकडे," माई म्हणाल्या.

तिने पुस्तक दिलं. माईंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर लागायचं. त्यांनी चष्मा लावला, बाळकृष्णाचं कव्हर सोडवलं आणि घडी करून मांडीखाली ठेवलं. आतल्या पानावर गुरुदत्तने आयटीआयच्या पहिल्या वर्षी वळणदार अक्षरात आपलं नाव घातलं होतं. माईंनी ते वाचलं. एक पान उलटलं. चकच्या चित्राकडे त्या बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी अंगणातल्या पापडांकडे पाहिलं, आणि मग राजाबाईकडे.

"राजाबाई, तुमच्याकडचे आबासाहेब गेले?"

"व्हय."

"वाईट झालं. तुम्ही घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करून या. आणि तोवर माझ्या वाळवणाला शिवू नका."

"आनि हितले?"

"आमचे वेगळे," माई म्हणाल्या. "आमच्यांनी कालच पेज घेतली आहे."

राजाबाई लगबगीने घराकडे सुटली. माईंनी स्वतःचं लाटणं उचललं आणि कुमुदिनीच्या पुढ्यात ठेवलं. "लाट," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला पंधरा दिवस जागेवर बसवलंस, आता तू बस." त्यांनी लेथ मशीनचं पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, आकड्यांच्या एका ओळीखाली बोट ठेवलं आणि पोथीच्या चालीवर वाचायला सुरुवात केली.

"'तेवढ्यात आबासाहेबांनी डोळे उघडले. ते म्हणाले, पेज पुरे झाली, भाकरी वाढा. बायजाने विचारलं, साहेब, वरवंटा कुणी घातला? आबासाहेब म्हणाले, कुणी नाही, मीच पडलो.'"

"खोटं," उमा ओरडली. "माई, वो झूठ बोल रहा है."

"मला काय सांगतेस, इथे लिहिलंय तसं वाचतेय. 'पण हे बोलताना आबासाहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणीतरी उभं होतं.'"

"कोन हाय दारान?" पुतळाबाई म्हणाली.

माईंनी पान उलटलं. कुमुदिनी पोळपाटासकट पुढे सरकली. आबासाहेब खोटं का बोलतील? कुणाला वाचवताहेत? पंधरा दिवस तिला सगळं आधी ठाऊक असायचं, आणि आता तिला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं, आणि ते इतकं छान होतं की तिला हसू आवरेना. तिचे हात चालत होते हे तिच्या लक्षातही नव्हतं. चार वाजता माईंनी पुस्तक मिटलं तेव्हा तिच्या पुढ्यात एकवीस पापड होते. गोल म्हणता येणार नाहीत, पण भोक एकातही नव्हतं.

संध्याकाळी गुरुदत्त कामावरून आला आणि फळी शोधू लागला. "माझं लेथचं पुस्तक कुठे गेलं?"

"पापड होईपर्यंत मिळणार नाही," माई म्हणाल्या. "त्यात माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी कुमुदिनी पावणेदोनलाच पोळपाट घेऊन अंगणात बसली. राजाबाई तिच्याही आधी आली होती. केस ओले होते, पाठीवर मोकळे सोडलेले.

"पुन्हा?" माईंनी विचारलं.

"ह्यांनी काल पुस्तक संपवलं," राजाबाई म्हणाली. "डाक्टरनंच मारलं हुतं. शेवटाला त्यो बी फासावर गेला. मी त्यास्नी सांगून टाकलं, आता तुमचं पुस्तक घरात नगं, रोज रोज कोण अंगुळी करनार." तिने लाटणं सरसावलं. "हितलं सांगा. दारात कोण हुतं?"

माईंनी पुस्तक कुमुदिनीकडे सरकवलं आणि तिच्या पुढचा पोळपाट आपल्याकडे ओढून घेतला. "आज तू वाच. माझा घसा बसलाय. डॉक्टरला तेवढं सांभाळ, पाय धूत नसला तरी. अजून सहाशे पापड व्हायचेत."

"पण माई, दारात कोण होतं?" कुमुदिनीने हळूच विचारलं. रात्रभर तिला तेवढाच एक प्रश्न होता.

माईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मला कसं ठाऊक असेल?" त्या म्हणाल्या. "तू अजून वाचलं कुठे आहेस."

कुमुदिनीने घसा साफ केला, चकच्या चित्राचं पान काढलं आणि दाराकडे पाहिलं.